वाऱ्याच्या तोंडची मडकी

फार पूर्वी सुवेणी नगरात उदयभद्र राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व कुंभारांच्या आळीत जन्माला आला होता. कुणी विचारील, कुंभाराच्या घरी कसा? का नाही? राजाच्या नाहीतर श्रेष्ठीच्याच घरी जन्म घेईन, असे काही त्याने कुणाला कबूल केले नव्हते. त्या जन्मी त्याचे नाव सुदंत होते. उतारवयात तो आळीचा ज्येष्ठ झाला. ज्येष्ठाच्या डोक्यावर आळीचे पांढरे पागोटे असे, आणि आळीत तंटा झाला की शेवटचा शब्द त्याचा असे.

त्या आळीत घरोघरी भट्टी नव्हती. साऱ्या आळीचा मिळून एकच मोठा आवा होता. शेणी, पेंढा, लाकूड यांच्या थरांवर सगळ्यांची मडकी एकत्र रचायची, वर राख आणि चिखलाचे लिंपण करायचे आणि मग आग द्यायची. भाजले तर सगळ्यांचे भाजले, फुटले तर सगळ्यांचे फुटले. त्यातही आव्याची वाऱ्याकडची कड वाईट. तिथे आग कधी भडके, कधी दबे, आणि तिथली मडकी हटकून तडकत. म्हणून त्या कडेला मडकी ठेवायची पाळी घरोघर फिरत असे.

आव्याजवळ धूम्रमुख यक्षाचा दगड होता. आता दगड म्हणायचा एवढेच, तो कुणी पाहिलेला नव्हता. आग देण्याआधी प्रत्येक मोठ्या माणसाने ओल्या मातीचा गोळा कपाळाला लावायचा, यक्षाला चिकटवायचा आणि म्हणायचे, "धूम्रमुखा, तुझ्याच हाती." पिढ्यान्‌पिढ्यांच्या गोळ्यांनी दगडाची टेकडी झाली होती. तिच्यावर पावसाळ्यात गवत उगवे, तेही लोक हळुवार हाताने काढीत. फार प्रेम होते त्यांचे आपल्या यक्षावर, आणि सुदंताचे सगळ्यांहून जास्त.

उदयभद्राचा बाप गादीवर असताना त्याच्या मनात आले होते की, सगळ्या नगराने राजवाड्यातल्या देवीलाच मानावे, बाकीचे देव मोडून टाकावेत. तेव्हा सुदंत तरुण होता. तो मातीने भरलेल्या पायांनीच राजवाड्यात गेला आणि म्हणाला, "महाराज, मडकी मागा, देतो. कर मागा, देतो. मनातला देव मात्र हाताला लागत नाही. तो काढून कसा आणून देऊ?" राजा आधी हसला, मग त्याने तो विचार सोडला. काही दिवसांनी वेशीवर शिळा उभी राहिली. तिच्यावर कोरले होते: ज्या आळीचा जो देव, तो त्या आळीचा; त्यात बाहेरच्याने ढवळाढवळ करू नये. कुंभारआळीला त्या शिळेचा मोठा अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता.

सुदंताचा एकुलता एक मुलगा तापाने गेला. बायको त्याआधीच गेली होती. घरात उरली ती सून, शोणा. ती नदीकाठच्या नावाड्यांची मुलगी होती. तिच्या माहेरची रीत अशी की, पहाटे नदीसमोर मुक्याने बसायचे. नदीला नाव घेऊन हाक मारायची नाही आणि तिच्याकडे काही मागायचे तर मुळीच नाही; मागणे म्हणजे नदीचा अपमान. नवऱ्यावरच्या प्रेमापोटी तिने लग्नानंतर यक्षाचे नाव घेतले होते. तो गेल्यावर एके दिवशी माती तुडवता तुडवता ती थांबली आणि सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"आधी सांग, मग बघू."

"मला आता ‘तुझ्याच हाती’ म्हणवत नाही. त्यांच्यासाठी म्हणत होते. माझ्या मनात ते कधी नव्हतंच."

ज्या यक्षाला सुदंताने मुलाच्या बारशाला माती वाहिली आणि मुलाची चितेवर राख झाल्यावरही वाहिली, तो आपल्या सुनेच्या मनात नाही, हे ऐकून त्याला वाईट वाटले. ते त्याने लपवले नाही. "मला वाईट वाटलं, पोरी," तो म्हणाला. "पण ते माझं मला बघू दे. तुला पटत नसेल तर म्हणू नकोस."

त्यानंतर शोणा आव्यावर येई, शेणी वाही, मडकी रची, सगळ्यांबरोबर राबे. फक्त गोळा वाहायची वेळ आली की बाजूला होऊन चिखल मळत बसे. त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आले नाही. आले ते गग्गाच्या.

गग्ग शेजारचा कुंभार. आवाज मोठा, हात कसबी, भक्ती कडक. तो वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. वाईट माणसाने जुलूम केला तर ओळखायला सोपा जातो. गग्गाने जे केले ते आळीच्या प्रेमापोटी केले, आणि अवघड असते ते हेच. त्याची मुलगी कुमुदा हिचे लग्न ठरले होते. तिला सासरी द्यायला त्याने मोठमोठे रांजण घडवले होते, त्यांच्या गळ्याभोवती कमळांच्या वेली काढल्या होत्या. आवा उघडला तेव्हा त्यांतला एकही धड निघाला नाही. नुसती खापरे. कुमुदा ती उचलून जुळवून पाहत होती, आणि बाप उभा राहून तिच्याकडे बघत होता.

आवा का फुटला? लाकूड ओले असेल, वारा फिरला असेल, मडकी पुरती वाळली नसतील. मला माहीत नाही, आणि असते तरी सांगितले नसते, कारण या गोष्टीत त्यावर काहीच अवलंबून नाही.

पण गग्गाला कारण सापडले होते. "ही!" तो शोणाकडे बोट दाखवून ओरडला. "ही गोळा वाहत नाही. मी पाहिलंय. सगळ्या आळीच्या तोंडी यक्षाचं नाव आणि हिच्या तोंडाला कुलूप!"

त्याच दुपारी आळी आव्याशेजारी जमली. आळीतून माणूस काढायचा तर त्याचीही एक रीत होती. ओली मडकी ज्याने ठोकून मोठी करतात ते लाकडी थापटणे ज्येष्ठाने त्या माणसाकडून घ्यायचे आणि आव्यात टाकायचे. मग त्याची मडकी आव्यात कुणी घेत नसे. आणि ज्याला आवा नाही तो कुंभार कसला? कच्च्या मातीत पाणी राहत नाही. गग्गाने शोणाच्या घरातून तिचे थापटणे आणले आणि सुदंताच्या हातात दिले. सुदंताचे हात आता कापत असत. चाक तो फिरवी, पण थापटायचे काम सगळे शोणाचेच होते; थापटण्याचे लाकूड तिच्या मुठीने गुळगुळीत झाले होते.

बायका शोणाला समजावू लागल्या. त्यांच्यात पुढे वासभा आत्या, आळीतली सगळ्यांत म्हातारी, दात पडलेली पण जीभ शाबूत. "अगं बये, एकदा म्हण आणि मोकळी हो! कोण तुझ्या मनात डोकावून बघतंय? जीभ झिजते का?"

"झिजत नाही, आत्या," शोणा म्हणाली. "पण मग मला माझंच तोंड पाहवत नाही. आणि तुमच्या यक्षालाही खोटा गोळा कशाला? तुम्ही सगळे खरा वाहता."

"बघा, बघा, तोंड बघा हिचं!" गग्ग म्हणाला. "काका, टाका ते थापटणं. वेशीवरच्या शिळेत काय लिहिलंय? आळीचा देव आळीचा. यात राजालासुद्धा बोलता येत नाही."

"खरं आहे," सुदंत म्हणाला. "त्या शिळेसाठी मीच गेलो होतो. तुझा तेव्हा जन्मही झाला नव्हता, गग्गा. पण वासभा होती. वासभे, राजाचा माणूस आळीत आला होता, आठवतं?"

"न आठवायला काय झालं! तांबड्या शेल्याचा, नाक उडवत बोलायचा. इथंच उभा राहिला आणि म्हणाला, देवीचं नाव एकदा घ्या आणि मोकळे व्हा, कोण तुमच्या मनात डोकावून बघतंय, जीभ झि..."

वासभा मध्येच थांबली. तिने पदर तोंडाला लावला. मग खाली बसली आणि हळूच म्हणाली, "अगं आई गं. मी त्या मेल्याचंच बोलले की."

कुणी तरी हसले, पण ते हसणे पुढे गेले नाही.

गग्ग म्हणाला, "ते वेगळं! तो राजा, आपल्याला चिरडायला आलेला. आपण घरचे. घरच्यांनी चार शब्द सांगितले तर तो जुलूम होतो का?"

"घरच्यांनी गळा धरला तर कमी दुखतं का रे?" सुदंत म्हणाला. "परक्या राजाने दाबलं तर माणूस घरात येऊन रडतो तरी. घरानेच दाबलं तर त्याने जायचं कुठं? मी राजाला म्हणालो होतो, मनातला देव काढून देता येत नाही. ते फक्त माझ्या मनाबद्दल म्हणालो होतो का? मन तिलाही आहे. नसलेला देव मनात घालूनही देता येत नाही."

"मग घ्या शपथ!" गग्गाचा आवाज फाटला. "इथं, यक्षासमोर शपथ घ्या की हिच्या न बोलण्याने पुन्हा आवा फुटणार नाही!"

सगळे सुदंताकडे पाहू लागले. एक शपथ घेतली असती तर काम भागले असते. बोधिसत्त्वाने खोटी शपथ घेतली नाही.

"नाही घेत," तो म्हणाला. "आवा आहे, पुन्हा फुटेल. कशाने फुटेल ते मला सांगता येणार नाही. पण तिला राहू द्यायचं ते आवा फुटत नाही म्हणून नाही. फुटला तरी राहू द्यायचं. नुकसानीचं म्हणत असशील तर आजपासून वाऱ्याकडची कड आमची. पाळी नको. आमच्या घरची मडकी कायम वाऱ्याच्या तोंडी ठेवा. काही व्हायचं ते आधी आमचं होऊ दे. आणि यक्ष रागावला तर त्याला माझं दार माहीत आहे. जन्मभर त्याला माती वाहिली, उद्याही वाहीन. एका पोरीच्या गप्प बसण्याने चिडेल एवढा लहान तो मला कधी दिसला नाही."

"शेवटचा शब्द ज्येष्ठाचा, पण त्याने आळीची रीत पाळायची," गग्ग हट्टाने म्हणाला. "नाहीतर पागोटं उतरवायचं."

सुदंताने पागोटे उतरवले. नीट घडी करून त्याने ते गग्गाच्या हातात दिले आणि थापटणे शोणाच्या.

शोणाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "मामंजी, नको. मी जाते माहेरी. माझ्यापायी तुमचं पागोटं..."

"आणि घागरी कोण थापटणार? हे माझे हात बघ, झाडाच्या पानासारखे हलताहेत." मग हसू थांबवून तो म्हणाला, "आणि माझ्यासाठी राहा असंही मी म्हणत नाही, शोणे. ही आळी तुझी आहे. कुणाच्या उपकाराने नाही. चल घरी."

पागोटे गग्गाच्या डोक्यावर गेले. शोणाला काढण्याचे धैर्य मात्र त्याला झाले नाही. वाऱ्याची कड सुदंताने आपणहून मागितली होती, त्याला नाही म्हणायलाही कुणाची जीभ रेटली नाही. तेव्हापासून सुदंताच्या घरची मडकी वाऱ्याच्या तोंडी राहू लागली. ती तडकत. उरतील त्यांवर दोघे भागवीत. कधी नुसती पेज असे. सुदंत गोळा वाहून येई, शोणा नदीवरून येई, आणि दोघे एकाच चुलीपुढे बसत. "काय म्हणाला तुमचा यक्ष?" ती विचारी. "काही नाही म्हणाला. तुझी नदी?" "तीही काही नाही म्हणाली." मग दोघेही हसत. आळीतल्या लोकांना भिंतीपलीकडून ते हसणे ऐकू येई, आणि नुकसान सोसणाऱ्या घरात हसायला काय आहे, हे त्यांना कळत नसे.

असे दिवस गेले. कुमुदाचे लग्न होऊन ती नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या गावी, सोनारांच्या घरी गेली होती. एके दिवशी गग्ग सुदंताच्या दारात येऊन उभा राहिला. पागोटे डोक्यावर होते, पण मान खाली.

"काका, आत येऊ?"

"ये की. दार कधी लावलंय?"

गग्ग भिंतीशी टेकून बसला. मग म्हणाला, "पोरीने जाताना यक्षाच्या पायथ्याची माती नेली होती. फडक्यात बांधून. रोज तिला हात लावून नमस्कार करायची. सासऱ्याने ती माती गटारात टाकली. म्हणाला, आमच्या घरात आमचीच देवी. पोरगी जेवत नाही, काका. तुम्ही माझ्याबरोबर चला. तुम्ही राजाशी बोलला होतात. माझं तिथं... मी काय बोलणार? मी कोणत्या तोंडाने बोलणार?"

सुदंताने उठून पाहिले, पण त्याचे पाय आता अंगणापलीकडे चालत नव्हते. तो काही बोलण्याआधी चुलीपाशी बसलेली शोणा उठली. "मी येते, गग्गभाऊ. पाण्याने जाऊ. नाव मी वल्हवीन."

गग्गाने तिच्याकडे पाहिले. रडू येऊ नये म्हणून तो रागावल्यासारखा म्हणाला, "तू? तू तर त्याला मानत नाहीस!"

"मी मानत नाही. कुमुदा मानते ना?"

दोघे गेले. सोनाराच्या ओसरीवर शोणा बसली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या सुनेला तिची माती ठेवायला एक कोनाडा द्या."

सोनाराने विचारले, "त्या यक्षाची भक्तीण काय गं तू?"

"नाही. मी त्याच्यापुढे कधी हात जोडत नाही. त्यापायी हे मला आळीतून काढणार होते." तिने गग्गाकडे पाहिले. गग्गाने मान हलवली, हो म्हणून. भर ओसरीत, परक्या माणसांसमोर.

सोनार चक्रावला. "मग तू कशाला भांडतेस?"

"जी गोष्ट माझ्यासाठी मागितली ती दुसरीसाठी मागायची नाही, तर मग मी मागितलं ते काय होतं? नुसता माझा हट्टच ना? बाबा, ती तुमच्या देवीला नाव ठेवत नाही. तुमची देवी घालवत नाही. एवढी मूठभर माती. त्यात तिचा बाप आहे, आई आहे, तिचं लहानपण आहे. तुम्ही ती गटारात टाकलीत. तुम्हाला रात्री झोप लागली का?"

सोनार उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच त्याची बायको आतून म्हणाली, "नाही लागली. मलाही नाही, त्यांनाही नाही. कोनाडा मी सारवून देते." हे ऐकून सोनाराने खाकरल्यासारखे केले आणि पाण्याचा तांब्या शोणापुढे सरकवला. गग्गाने कमरेच्या फडक्यातून नवी माती काढून लेकीच्या ओंजळीत ठेवली. कुमुदा ती माती कपाळाला लावण्याआधी शोणाच्या गळ्याला मिठी मारून रडली.

पुढचा आवा रचायचा दिवस आला. शोणा आपल्या घागरी घेऊन वाऱ्याच्या कडेला गेली, तर तिथे आधीच गग्गाचे रांजण मांडलेले. "सरक जरा," गग्ग म्हणाला, "आता पुन्हा पाळी. या खेपेला माझी." त्याने आपले थापटणे उचलून सगळ्यांना दाखवले आणि सांगितले, "हे आव्यात टाकायची रीत आजपासून बंद. काम चुकवलं, चोरी केली, तर जाब विचारू. गोळा वाहिला की नाही, ते ज्याचं त्याने बघावं." मग तो सुदंताच्या अंगणात गेला आणि पागोटे काढून त्याच्यापुढे धरू लागला.

"राहू दे रे," सुदंत टकलावरून हात फिरवीत म्हणाला. "इतकी वर्षं डोकं उकडत होतं. आता कुठे बरं वाटतंय."

त्या दिवशी आळीने यक्षाला गोळे वाहिले. शोणा बाजूला चिखल मळत बसली होती. वासभा आत्या गोळा वाहून आली आणि तिच्या शेजारी बसून मळू लागली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, श्रावस्तीच्या विहारात सांगितली, ती कशावरून तेही सांगते. पूर्णक नावाचा एक गृहस्थ नुकताच त्यांचा उपासक झाला होता. नवा असल्यामुळे त्याचा उत्साह फार. त्याची म्हातारी आई रोज संध्याकाळी वडाच्या पारावर चढून वृक्षदेवतेपुढे दिवा लावी. पूर्णकाने तिची पणती फेकून दिली आणि मोठ्या आनंदाने येऊन सांगितले, "भगवन्, माझे घर आता शुद्ध झाले!" शास्त्यांनी फक्त विचारले, "आई कुठे आहे?" तो म्हणाला, "कोपऱ्यात बसली आहे. बोलत नाही." मग शास्त्यांनी ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाले, "तेव्हाची वासभा म्हणजे आज इथे बसून हसणारी ही वृद्ध भिक्षुणी. कुमुदा म्हणजे तुझी पत्नी. शोणा तुझी आई. सुदंत मी होतो. आणि गग्ग, पूर्णका, तू होतास. तेव्हा तू शिकला होतास, आता विसरलास." माणूस विसरतो, म्हणून तर कथा पुन्हा सांगाव्या लागतात. ज्यांना वाटते की आपला मार्ग खरा आहे म्हणून तो दुसऱ्याच्या गळी उतरवायला हरकत नाही, त्यांनी ही नीट ऐकावी. खुद्द शास्त्यांनी आपल्या नावाने कुणाच्या आईची पणती फेकलेली खपवून घेतली नाही.

पूर्णक घरी गेला. त्याने नवी पणती आणली, तेल घातले आणि आईला पारापाशी नेले. तिचे गुडघे वर चढायला तयार होईनात. "तू देवतेला नमस्कार करू नकोस हो," ती त्याला म्हणाली, "तुझं तुझ्यापाशी असू दे. मला नुसता वर चढायला हात दे."

त्याने हात दिला. ती वर चढली, तो खाली उभा राहिला, आणि तिचा दिवा लागेपर्यंत तिथून हलला नाही. या कथेत जो गुण सांगितला आहे त्याचे नाव मैत्री.